गादीवाल्या मावशी परिषदेला जातात

गाद्यांच्या त्या कारखान्यात मावशींना मावशी न म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मालक. ते 'बाई' म्हणायचे. बाकी शिलाईखात्यापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी. गेल्या आठ वर्षांत तर ज्यांनी त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं, अशा कित्येक गिऱ्हाइकांच्याही त्या मावशी झाल्या होत्या. वय चोपन्न, बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत. नाकावर माशी बसली, तर तिलाही दोन शब्द ऐकूनच उडावं लागे.

मुळात त्या टेलिफोनवर होत्या. पुढच्या दालनात खिडकीजवळ त्यांचं टेबल, टेबलावर फोन, आणि दिवसभर 'हं बोला, कोण पाहिजे?' एवढंच काम. मग जो तो खिशात फोन घेऊन फिरायला लागला आणि टेबलावरचा फोन मुका झाला. मावशी नुसत्या बसून राहायला लागल्या. बसून खाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्या आल्यागेल्याला चपला नीट काढायला शिकवू लागल्या.

तेवढ्यात मालकांच्या जावयानं कारखान्याचं इंटरनेटवर एक पान काढलं. जावईबापू हुशार माणूस. त्यांनी गाद्यांचे सुंदर फोटो टाकले, गादीवर एक हसरी मुलगी उडी मारतानाचा फोटो टाकला आणि काम फत्ते झालं असं समजून ते दुसऱ्या कामाला लागले. फोटोंखाली लोक प्रश्न विचारतात, आणि विचारले की उत्तर द्यायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. एका दुपारी मावशींनी सहज ते पान उघडून पाहिलं, तर कुणीतरी विचारलं होतं, 'एकेरी गादी मिळेल का?' त्या प्रश्नाला अकरा दिवस झाले होते.

"अकरा दिवस माणूस दारात उभा आहे," मावशी ओरडल्या, "आणि कुणी त्याला ये-बस करत नाही?"

त्यांनी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं, आणि तेव्हापासून ते काम त्यांचं झालं. टेबलाच्या खणात एक लांबोडकी वही आली. प्रत्येक प्रश्नाला त्या वहीत एक ओळ, उत्तर गेलं की ओळीपुढे बरोबरची खूण. संध्याकाळी सहाला वही मिटताना एकही ओळ बिनखुणेची राहता कामा नये, हा त्यांचा नेम. राहिली तर त्या उठत नसत.

उत्तरं मात्र मावशींच्या जिभेला शोभतील अशीच. 'नव्या गादीला वास येतो' असं कुणी लिहिलं की त्या लिहीत, 'नवी आहे, येणारच. दोन दिवस खिडकी उघडी ठेवा. तिसऱ्या दिवशी आला तर तो गादीचा नाही, खोलीचा.' कुणी नुसतं 'किंमत?' एवढंच फेकलं, तर 'नमस्कार म्हणायला काही पडत नाही. किंमत फोटोवरच लिहिली आहे, डोळे उघडून बघा.' आणि कुणी 'मला ही गादी आवडली' म्हटलं, तर 'आवडून काय उपयोग? पाठ दुखते का, कुशीवर झोपता की उताणे, ते सांगा, मग बघू तुम्हाला ती मानवते का.' लोकांना हे फार आवडे. का आवडे हे मोठ्या लोकांनी ठरवावं. मला विचाराल तर, फुकटात रागावणारं माणूस आजकाल घरात उरलेलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना जावईबापूंच्या डोक्यात यंत्र शिरलं. उत्तरं देणारं यंत्र. माणूस लागत नाही, जेवायला उठत नाही, दोन सेकंदांत गोड बोलतं. मावशींसाठीही त्यांनी जागा बघून ठेवली होती, मागच्या गोदामात, गाद्यांच्या खोळी मोजायला. "तिथं पंखासुद्धा आहे, मावशी," ते म्हणाले. पंखा होता हे खरं. त्या पंख्यानं दिवसभर कापसाचा धुरळा उडायचा, आणि तिथून आलेला माणूस खोकल्याशिवाय एक वाक्य पुरं करू शकत नसे हेही खरं.

मालक मात्र जुन्या वळणाचे. गादीवर स्वतः दहा मिनिटं आडवं पडल्याशिवाय ती विकायला न काढणारे. त्यांनी मावशींना बोलावलं.

"बाई, त्या डिजिटल मार्केटिंगवाल्यांची मोठी परिषद आहे. हे यंत्र तिथं बघायला मिळेल म्हणतात. तुम्हीच जाऊन या. या कामातलं तुमच्याएवढं इथं कुणाला कळतंय? चार गोष्टी विचारा, पारखून बघा, आणि घ्यावं की घेऊ नये ते मला लिहून द्या. तुम्ही म्हणाल तसं करू."

म्हणजे आपल्याच पायावर पाडायचा धोंडा मावशींनी आधी जाऊन पसंत करून यायचा होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. मावशींचे यजमान पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होते. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'हं' हे असे. दिवसभर परक्या लोकांना उत्तरं देणाऱ्या बाईला देवानं नवरा असा दिला होता, पण पदरी पडलं पवित्र झालं.

"मी काही त्या यंत्राला सोडत नाही," मावशी म्हणाल्या. "असं खोदून खोदून विचारीन, की कुठं ना कुठं अडकेलच. ऐकताय ना?"

"हं," यजमान म्हणाले.

परिषदेची इमारत काचेची होती आणि आत इतकी थंडी, की मावशींनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. दारात त्यांच्या गळ्यात एक पट्टी अडकवली. तिच्यावर जावईबापूंच्या कृपेनं 'मुख्य संवाद अधिकारी' असं छापलेलं होतं. हातात एक पिशवी दिली. पिशवीत एक वही, एक पेन आणि एक रबरी चेंडू. चेंडू कशाला म्हणून त्यांनी विचारलं, तर मनावर ताण आला की दाबायला. "आल्या आल्याच द्यावा लागतो म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे," असं म्हणत मावशींनी तो नीट आत ठेवला.

दाराशी माणसाएवढा उंच पडदा उभा होता. त्याच्यावर लिहिलं होतं, 'काहीही विचारा.' म्हणजे हेच ते यंत्र. परिषदेच्या लोकांनी चौकशीची खिडकी म्हणून ते बसवलं होतं. मावशींनी त्याच्याकडे, नव्या सुनेकडे सासू बघते तसं, एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. आधी भाषणं ऐकावीत, मग त्याची हजेरी घ्यावी, असा बेत होता.

सभागृहात दीडएक हजार माणसं असतील. व्यासपीठावर एक दाढीवाले गृहस्थ, काहीतरी हरवल्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत बोलत होते. ते फनेलबद्दल सांगत होते. मावशींनी शेजारच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, फनेल म्हणजे नरसाळं. वरून हजार माणसं ओतायची, खालून तीन गिऱ्हाइकं पडतात. तीन पडली की फार उत्तम समजायचं.

"आणि बाकीची नऊशे सत्त्याण्णव?"

"ती गळतात," शेजारी म्हणाला.

"मग ते नरसाळं फुटकं आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरी असतं तर मी ते केव्हाच फेकून दिलं असतं."

शेजाऱ्यानं ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या पुढचा माणूस पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचा फोटो काढत होता. शेवटी पडद्यावर नुसतं 'प्रश्न?' एवढंच आलं, त्याचाही त्यानं काढला. मावशी हात वर करणार, तोच सूत्रसंचालिका म्हणाली, की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. दाढीवाले टाळ्यांच्या कडकडाटात निघून गेले. मावशी हात वर तसाच धरून बसल्या होत्या. प्रश्न मागायचे आणि पळून जायचं, ही त्यांच्या हिशेबी फसवणूकच होती.

मग त्या यंत्राच्या स्टॉलवर गेल्या. तिथं पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. गळ्यात टाय, चेहऱ्यावर हसू, आणि पायांत नवे बूट. ते बूट चावत होते, हे मावशींनी लांबूनच ओळखलं. या स्टॉलवाल्यांनी मावशींकडून कारखान्याचं माहितीपत्रक मागून घेतलं, यंत्राला वाचायला दिलं आणि दहा मिनिटांत म्हणाले, "आता हे तुमचंच यंत्र. विचारा, मावशी."

मावशींनी पिशवीतून आपली वही काढली. आठ वर्षांतले निवडक चाळीस प्रश्न, सगळे खवट, त्यांनी लाल शाईनं काढून आणले होते. गादीवर दूध सांडलं तर? माळ्यावर गुंडाळून ठेवली तर चालेल का? दोघांच्या वजनात दुपटीचा फरक असला तर मधे खड्डा पडतो का? यंत्रानं सगळ्यांची उत्तरं दिली. बरोबर दिली. चूक काढावी अशी एकही नाही. फक्त प्रत्येक उत्तर 'किती छान प्रश्न!' असं म्हणून सुरू होई. 'गादीत ढेकूण झालेत' यालासुद्धा 'किती छान प्रश्न!' आलं, तेव्हा मावशींना आशा वाटली. पण स्टॉलवाले म्हणाले, ते काढायला एक बटण आहे.

चाळिसावं उत्तर आलं आणि मावशींनी वही मिटली. इतकी वर्षं आपण जे जीव तोडून करत आलो, ते हे पेटारं उभ्या उभ्या करतंय, आणि रागावतही नाही. त्यांना एकदम रडू येईलसं वाटलं. परक्या ठिकाणी रडणं बरं नव्हे, म्हणून तोंडावर पाणी मारावं असं ठरवून त्या निघाल्या, आणि दाराशी पडदा होताच म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं, की स्वच्छतागृह कुठं आहे.

'किती छान प्रश्न! स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे आहे.'

दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डावीकडे एक बंद दार होतं आणि दारापुढे पंचवीस-तीस माणसांची रांग होती. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मावशी रांगेला लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रांग तसूभर हलेना.

"आत कुणी आहे का?" त्यांनी पुढच्या टोकाला ओरडून विचारलं.

"असणारच," पहिला माणूस म्हणाला. "मी आल्यापासून बंद आहे."

"तुम्ही कधी आलात?"

"पहिलं भाषण संपलं तेव्हा."

मावशी रांग सोडून पुढे गेल्या आणि चष्मा लावून त्यांनी दार पाहिलं. दारावर लाल पाटी होती. 'विद्युत कक्ष. धोका. आत येऊ नये.' पाटी हातभर लांब होती. दुसऱ्यांना पाट्या वाचायला लावणं हाच ज्यांचा धंदा, अशी तीस शहाणी माणसं तासभर त्या पाटीसमोर उभी होती आणि एकानंही ती वाचली नव्हती. पुढची रांग बघून मागची माणसं लागत गेली होती, एवढंच. आणि रांगेच्या शेवटी नुकतेच येऊन उभे राहिलेले कोण, तर चावणाऱ्या बुटांतले स्टॉलवाले.

"अहो, तुम्ही इथं?" मावशी म्हणाल्या.

"यंत्रानं सांगितलं," ते ओशाळून म्हणाले.

जिन्यावर एक बाई फरशी पुसत होती. मावशींनी तिला विचारलं. तिनं वर न बघता सांगितलं, "तळमजल्यावर, व्यासपीठाच्या मागं." मावशींनी रांगेला तसं मोठ्यानं ऐकवलं. अर्धी रांग धावली. उरलेली अर्धी जागची हलली नाही, कारण त्यांच्या फोनवर ते यंत्र अजून दुसरा मजलाच दाखवत होतं.

तोंडावर पाणी मारून मावशी परत पडद्याशी आल्या आणि त्याला नीट समजावून सांगितलं, की बाबा रे, वर विजेची खोली आहे, जागा तळमजल्यावर आहे. यंत्र म्हणालं, 'चूक दाखवल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' मावशींचं समाधान झालं. तेवढ्यात मागच्या माणसानं स्वच्छतागृह विचारलं. यंत्र म्हणालं, 'किती छान प्रश्न! दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे.'

आता मावशींना राहवेना. त्यांनी परिषदेचं इंटरनेटवरचं पान उघडलं. तिथं सकाळपासून साठ-सत्तर प्रश्न येऊन पडले होते. स्वच्छतागृह कुठं, जेवण किती वाजता, दुसरं सभागृह कोणतं, माझी निळी पिशवी कुणाला सापडली का. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे शिकवायला जमलेल्या दीड हजार माणसांतल्या एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं. सत्तर माणसं दारात उभी. मावशी खांबाजवळच्या पायरीवर बसल्या, चष्मा चढवला, आणि यंत्र, गोदाम, मघाचं रडू, सगळं विसरून त्यांनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

'स्वच्छतागृह तळमजल्यावर, व्यासपीठाच्या मागे. वर जाऊ नका, शॉक बसेल.' 'जेवण एक वाजता. रांगा दोन आहेत, डावीकडची लहान आहे, पण सगळे उजवीकडे उभे आहेत म्हणून तुम्हीही उभे राहणार असाल तर खुशाल राहा.' 'निळी पिशवी सगळ्यांनाच दिली आहे. तुमचीवर नाव घातलं होतं का? नाही ना? मग आता कुठलीही घ्या, आत चेंडूच आहे.' माहीत नसेल तिथं त्या उठून बघून येत. दुसरं सभागृह शोधायला त्या दोन जिने चढल्या. तिथली थंडी कमी करून मिळेल का, हे विचारायला थेट वातानुकूलन चालवणाऱ्या माणसापर्यंत गेल्या आणि ती कमी करूनच आल्या.

यात एकच गोष्ट झाली. मावशींचं स्वतःचं असं इंटरनेटवर काहीच नव्हतं. आठ वर्षांत त्यांनी जे लिहिलं ते कारखान्याच्या नावानं, आणि फोनही कारखान्याचाच. त्यामुळे त्या दिवशीचं प्रत्येक उत्तर गादीच्या कारखान्याच्या नावानं, शेजारी गादीच्या चित्रासकट, जात होतं. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. जावईबापूंना दिसलं. दुपारी त्यांचा फोन आला.

"मावशी! गादीच्या नावानं संडासाचा पत्ता कुणी दिला?"

"मी."

"अहो, पण का?"

"लोकांना लागली होती," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला, कारण तीन प्रश्न आणखी आले होते.

तीन वाजेपर्यंत परिषदेत कुणाला काही अडलं, की तो पडद्याकडे न जाता 'गादीवाल्यांना विचारा' म्हणू लागला. जाता-येता माणसं वाकून विचारत, "गादीवाल्या मावशी त्या तुम्हीच का?" शेवटच्या भाषणात दाढीवाले पुन्हा व्यासपीठावर आले. आज परिषदेत सगळ्यांत जास्त चर्चा कोणाची झाली, त्याची यादी त्यांनी पडद्यावर टाकली. वर नाव गादीच्या कारखान्याचं. दाढीवाले येरझाऱ्या घालायचे थांबले. त्यांनी विचारलं, की ही मोहीम कुठल्या एजन्सीची.

"एजन्सी-बिजन्सी नाही," मावशी जागेवरूनच म्हणाल्या. "मी आहे."

"तुमचं धोरण काय होतं?"

"लोकांनी विचारलं, मी सांगितलं."

सभागृहातली माणसं वळून बघायला लागली. मग टाळ्या पडल्या आणि पुढच्या माणसानं मावशींचा फोटो काढला. मावशींना लाज वाटली आणि बरंही वाटलं, खूप बरं वाटलं. सगळ्यांसमोर टाळ्या मिळायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

निघताना चहाच्या टेबलाशी स्टॉलवाले भेटले. त्यांनी बूट काढून हातात घेतले होते.

"मावशी, काय लिहिणार आहात?" ते म्हणाले. "बावीस वर्षं मी पाण्याचे पंप विकले. पंप बिघडला तर उघडून दाखवायचो, हा बघा, इथं कचरा अडकलाय. हे उघडूनसुद्धा दाखवता येत नाही हो. आज एकही विकलं गेलेलं नाही."

"खरं ते लिहिणार," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही रांगेत होतात, ते लिहिणार नाही."

ते हसले. तुमच्या माहितीपत्रकावर तयार झालेलं यंत्र पंधरा दिवस तसंच चालू ठेवतो, वापरून बघा म्हणाले, आणि ते त्यांनी जावईबापूंच्या फोनवर पाठवून दिलं.

रात्रीच्या जेवणाआधीच मावशींनी अहवाल लिहायला घेतला. खरं म्हणजे आता काम सोपं होतं. विजेच्या खोलीची हकीकत तेवढी लिहायची, की यंत्राचा निकाल लागला. पण त्यांच्या हातून पहिली ओळ पडली ती अशी: 'चाळीस प्रश्न विचारले. चाळीसही उत्तरं बरोबर.' दुसरी ओळ: 'एक्केचाळिसावं चुकलं. चूक सांगितली तर आभार मानतं आणि पुन्हा तेच सांगतं.' खाली 'घ्यावं की घेऊ नये' असं लिहून पुढे पेन टेकवलं. ते पेन काही हलेना. त्यांनी कागद यजमानांपुढे सरकवला.

यजमानांनी तो दोनदा वाचला. "अगं," ते म्हणाले, "ते चाळीस लिहायची काय गरज होती?"

एवढं मोठं वाक्य त्यांनी वर्षभरात उच्चारलं नव्हतं.

"होती बरोबर, म्हणून लिहिली," मावशी म्हणाल्या. "बसा आता जेवायला."

सकाळी मालकांच्या खोलीत तिघं जमले. जावईबापू कालचा राग गिळून आले होते, कारण काल पानावर हजारो नवी माणसं आली होती आणि आता ती मोहीम त्यांना आपलीच वाटू लागली होती. ते म्हणाले, हीच वेळ आहे. मावशींची आठ वर्षांची उत्तरं यंत्रात घालू, म्हणजे यंत्र मावशींसारखं बोलेल, चोवीस तास. मालकांनी त्यांना हातानं थांबवलं आणि अहवाल सावकाश वाचला.

"बाई, शेवटची ओळ कोरी आहे."

"हो, साहेब."

"घ्यावं का घेऊ नये?"

"मला माहीत नाही."

मालकांनी चष्मा काढला. आठ वर्षांत हे वाक्य त्यांनी या तोंडून ऐकलं नव्हतं.

"माझ्याच खुर्चीचा प्रश्न आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "घेऊ नका म्हटलं, तर माझ्या मनातसुद्धा राहील की मी खुर्चीसाठी म्हटलं. घ्या म्हटलं, तर गोदामात बसून रडेन, आणि चांगली रडेन. मला ते काम आवडतं. लोक विचारतात आणि मला सांगता येतं, याच्याएवढं मला दुसरं काही येत नाही. तेव्हा हे काही मला विचारू नका. दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

मालकांनी अहवालाची घडी घातली. मग मालक जावयाकडे वळले.

"काय हो, त्या यंत्राला सगळं ठाऊक असतं म्हणता ना? मग त्यालाच विचारा. बाईंना ठेवावं का?"

"विचारतो की," जावईबापू म्हणाले. यंत्र समजूतदार आहे, ते सगळ्यांना पटेल असं काहीतरी बोलेल, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी फोन काढला, 'मावशींना ठेवावं का?' असा प्रश्न लिहिला, आणि उत्तर येताच आधी मनात न वाचता ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'किती छान प्रश्न! हो, नक्की ठेवा. मावशी आमच्याकडे एकेरी, दुहेरी आणि मोठ्या अशा तीन मापांत उपलब्ध आहेत. पाच वर्षांची हमी. घरपोच मिळतील. तुमची जुनी मावशी परत दिल्यास नव्या...'"

जावईबापू थांबले. त्यांचे कान लाल झाले.

"वाचा, वाचा," मालक म्हणाले. "पुरं करा."

"'...नव्या मावशीवर सवलत मिळेल,'" जावईबापूंनी कसंबसं वाचलं.

मालकांनी आधी तोंडावर रुमाल धरला. मग तो रुमाल पुरेना. हसता हसता ते खुर्चीत आडवे झाले, त्यांना ठसका लागला, मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः पदरानं डोळे पुसले. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कळवून टाका त्यांना," श्वास जाग्यावर आल्यावर मालक जावयाला म्हणाले, "आम्ही जुनी मावशी परत देत नाही. सवलत नको. जा बाई, बसा जाऊन खुर्चीवर, गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

जावईबापू फोन हातात धरून तसेच उभे होते. फोनवर शेवटी एक ओळ आली होती, 'आणखी काही मदत हवी आहे का?' कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मावशी दारापर्यंत गेल्या, परत आल्या, जावईबापूंच्या हातातून त्यांनी फोन घेतला, चष्मा लावला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, 'नको. विचारल्याबद्दल आभारी आहे.'